बाराव्या पक्ष्याचा रंग

३ तारीख, सोमवार

हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात. ती रद्दीत घालवण्यापेक्षा त्यांत रोजचं काही लिहावं, असं ठरवलंय. पुढून हिशेब येईल, मागून मी येईन.

निमित्त असं, की वाचनालयात दर बुधवारी दुपारी आम्हा बायकांचं वाचन मंडळ भरतं. सध्याचा विषय आहे 'साहित्यातले आणि चित्रांतले पक्षी'. मंडळ चालवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झाल्यात, भाषा शिकवायच्या. मागच्या वेळी त्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं. "१९ तारखेला तुम्ही बोलायचं. वीस मिनिटं. पक्षी म्हणजे काय, एवढंच."

मी म्हटलं, "बाई, मी फक्त मॅट्रिक आहे हो."

"पक्षी तर तेवढेही शिकलेले नसतात," त्या म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कान तापले.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले, त्यामुळे वेळेवर बोलायचा आपलाच हक्क आहे असं ह्यांना वाटतं. म्हणाले, "वीस मिनिटांत थांबायला जमेल का तुला? माझ्याशी बोलताना तर कधी जमलं नाही."

देवाला सांगितलं, फजिती होऊ देऊ नकोस. एवढ्याशा कामासाठी त्याला मधे घालू नये, हेही कळतं.

५ तारीख, बुधवार

यादी करायला घेतली. डावीकडे पक्षी, उजवीकडे अर्थ, मधे उभी रेघ. हिशेब लिहितो तसंच, म्हणजे एकही रकाना रिकामा राहायला नको.

पक्षी (कुठलाही) – जीव. प्राणपाखरू उडालं म्हणतात.
पिंजरा – देह, किंवा सासर.
कबूतर – शांती, निरोप.
पोपट – न कळता बोलणारा.
हंस – दूध आणि पाणी वेगळं करणारा, म्हणजे शहाणा.
बगळा – ढोंगी.
चातक – वाट पाहणारा.
गरुड – मोठी झेप.
घुबड – अशुभ.

मंडळात वाचून दाखवली. घुबडापाशी बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, "काही ठिकाणी ते विद्येचं चित्र मानतात. तुम्ही रेघ मारून टाकलीत, पण पक्षी रेघेवर बसून राहत नाहीत हो. एका चित्रात एक असतात, दुसऱ्या चित्रात दुसरेच."

मागच्या रांगेतली शिंपीणबाई म्हणाली, "यांचं सगळं मापात असतं, बाई. आमच्या दुकानात आल्या की माझी टेपसुद्धा तपासून घेतात."

पुन्हा हशा. मी वही मिटली. घरी आल्यावर घुबडासमोर 'किंवा विद्या' असं बारीक अक्षरात लिहिलं.

७ तारीख, शुक्रवार

सूनबाईला विचारावं असं वाटलं. ती शाळेत चित्रकला शिकवते. शिवाय सध्या ती स्वतःच पक्षी रंगवते आहे. प्रसूतीच्या दवाखान्यानं बाहेरच्या खोलीत लावायला एक मोठं चित्र मागितलंय, २४ तारखेला द्यायचंय. आमच्या पुढच्या खोलीत खिडकीशी लाकडी चौकटीवर ताणलेलं जाड कापड उभं आहे. वर फिकट आकाश, आणि त्यात करड्या-तपकिरी पक्ष्यांची एक तिरपी रांग. चांगलं काढते. मी तसं तिला कधी बोलून दाखवलेलं नाही. उगीच डोक्यात हवा जाते.

दवाखाना तोच, जिथे मागच्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं ते झालं. त्यावर आम्ही घरात बोलत नाही. मीच तसं ठरवलं. बोलून जखम चिघळते. लहान कपडे, विणलेलं टोपडं, सगळं मी दुसऱ्याच दिवशी उचलून गरजूंना देऊन टाकलं. नजरेसमोर नको आणि वायाही नको.

"अगं, पक्षी म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"खिडकीतून दाखवू का, आई? आत्ताच एक चिमणी बसली होती."

"तसं नव्हे. अर्थ. तुमच्या चित्रकलेत काय मानतात?"

तिनं ब्रश पाण्यात हलवला. बराच वेळ हलवला. मग म्हणाली, "काढणाऱ्याला जे बोलता येत नाही ना, ते तो पक्ष्याच्या अंगावर टाकतो. पक्षी उडून जातो. मग कोणी जाब विचारत नाही."

मी लिहून घेतलं. पण यादीत कुठल्या पक्ष्यासमोर ते लिहावं, कळेना. म्हणून खोडलं.

९ तारीख, रविवार

भाषण पक्कं लिहून काढायला कागद हवे होते. नवे कशाला आणायचे? लग्नापासूनच्या माझ्या सगळ्या वह्या ट्रंकेत आहेत, त्यांतली कोरी पानं काढावी म्हणून ट्रंक उघडली. चौथ्या सालच्या वहीत मधोमध तीन पानं अगदी कोरी निघाली. त्याआधी कापूस, दूध, औषध असं लिहिलंय, आणि त्या तीन पानांनंतर एकदम साबण.

फाडायला हात घातला, पण फाडली नाहीत.

हे मागे येऊन उभे होते. म्हणाले, "ती राहू दे तशीच." आणि भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला गेले. किल्ली त्यांनी सकाळीच दिली होती.

भाषण शेवटी जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहिलं.

१० तारीख, सोमवार

चित्रात आज एक नवीन दिसलं. रांगेच्या शेवटी सूनबाईनं कापडाला एक चिकटपट्टी लावून ठेवली होती, पक्ष्याच्या आकारात कापलेली. ती तिनं आज नखानं हळूहळू सोलली. खाली कोरं कापड, ना आकाशाचा रंग ना पक्ष्याचा. एवढासा पक्षी, बाकीच्यांच्या निम्मा.

मी म्हटलं, "एक राहिला वाटतं रंगवायचा."

"हूं," ती म्हणाली, आणि पट्टीची गोळी करून मुठीत धरून बसली.

११ तारीख, मंगळवार

आज जे केलं ते जसंच्या तसं लिहिते.

भाषणाचा शेवट सकाळी सुचला. आपल्याच घरचं उदाहरण द्यायचं. बारा पक्षी म्हणजे बारा महिने. माणसाचं वर्ष असं रांगेनं उडून जातं, आणि मागे वळून पाहत नाही. लिहून झाल्यावर मला स्वतःलाच बरं वाटलं. बाईंना दवाखान्यात नेऊन चित्र दाखवायचं, असंही मनात आलं. मग चित्रासमोर जाऊन मोजले. अकरा रंगवलेले, बारावा कोरा.

सूनबाई दहाला शाळेत गेली. बशीत तपकिरी रंग उरलेला, वर झाकण. जाताना म्हणाली होती, "वाळला तर टाकून देईन, आई, तुम्ही नका हात लावू." मला वाटलं, माझे हात खराब होतील म्हणून म्हणते. रंग चांगला होता, ओला होता. संध्याकाळपर्यंत वाळला असता.

बारीक ब्रश घेतला आणि भरला. आकार तर होताच. शाळेत नकाशे मी नेहमी रेघेच्या आत रंगवायची, मास्तर वर्गाला दाखवायचे. रेघेच्या बाहेर एक टिपूस गेला नाही. कापडानं रंग भराभर ओढून घेतला, दोन हात द्यावे लागले. छान झाला. इतर अकरांसारखाच.

मग ब्रश साबणानं धुऊन केस वर करून पेल्यात ठेवला. बशी घासून, पुसून जागेवर. कुणी म्हणणार नाही की तिला हात लागलाय.

सूनबाई चारला आली. मी आतून कौतुकाची वाट बघत होते. ती खांद्यावरची पिशवी न उतरवता चित्रासमोर उभी राहिली. मग तिनं बशीकडे पाहिलं. मग न्हाणीघरात गेली, आणि नळ बराच वेळ चालू होता. पाणी वाया जातंय म्हणून मी उठलेसुद्धा होते. दारापाशी जाऊन थांबले. आतून नळाशिवाय दुसराही आवाज येत होता.

ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "डोकं दुखतंय," म्हणाली. मी 'मीच भरला गं' असं म्हणणार होते. त्याऐवजी बाम आणून दिला.

१२ तारीख, बुधवार

मंडळात बाईंनी जुन्या चित्रांचं एक पुस्तक आणलं होतं. एका चित्रात डोंगर, पाणी आणि वर उडणारे पक्षी, पण अर्ध्याहून जास्त कागद नुसता मोकळा.

शिंपीणबाई म्हणाली, "एवढं कापड वाया घालवलं असतं तर माझ्या गिऱ्हाइकानं मला धरून बदडलं असतं."

बाई हसल्या. म्हणाल्या, "चित्रकार कधी कधी जागा सोडतो. ती राहून गेलेली नसते, ठेवलेली असते. जे नाही, ते दाखवायला त्याच्याकडे दुसरा रंगच नसतो. तिथे आपण घाई करून आपला अर्थ भरू नये."

बाईंनी विचारलं, "तुमचं भाषण झालं का तयार?" मी हो म्हटलं. परत येताना वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून राहिले. पायऱ्यांवर बसण्याची मला सवय नाही. लोक वळून बघत होते.

१३ तारीख, गुरुवार

जेवताना मुलानं विषय काढला. "बाबा, पुढच्या खोलीत चित्राजवळ काही केलंत का तुम्ही? हिचा एक पक्षी बिघडलाय."

हे म्हणाले, "माझ्या हातात ब्रश दिला तर मी दाढी करीन. पक्षी कसले?"

"मग आई?"

मी ताटातून मान वर केली नाही. तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "राहू दे ना. माझाच हात लागला असेल."

माझ्याकडे न बघता म्हणाली. मी तिला आणखी वाढलं. तिनं ते खाल्लं नाही, पण नकोही म्हणाली नाही. अठ्ठावन्न वर्षांची मी, दोन्ही वेळ देवासमोर हात जोडणारी, आणि माझा दोष सुनेनं आपल्या अंगावर घेतला आणि मी तो घेऊ दिला.

१५ तारीख, शनिवार

मुलाला सुट्टी. तो कपड्यांना इस्त्री करत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "चित्र केव्हा द्यायचं म्हणाली?"

"देणारच नाही म्हणते. दवाखान्याला कळवणार आहे, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

"एका पक्ष्यासाठी?"

त्यानं इस्त्री उभी ठेवली. "आई, ते बाळ होतं. शेवटचा कोरा. तिनं आधी तेवढीच जागा झाकून ठेवली, मग बाकी सगळं चित्र त्याच्याभोवती काढलं. तिथे बाहेर बसून वाट बघणाऱ्या बायकांत आपल्यासारखीही कुणी असेल, तिला तेवढं दिसावं, असं म्हणाली होती. मलाही माहीत नव्हतं गं. परवा रडताना सांगितलं."

मी म्हटलं, "पुसता नाही येणार?"

"आकाशावर सांडला असता तर आला असता, खाली अस्तराच्या रंगाचा थर असतो. हे नुसतं कापड. पिऊन बसलं."

तो पुन्हा इस्त्री करायला लागला. तो ह्यांचा सदरा होता, मी रफू केलेल्या बाहीचा. त्यानं बाही फार जपून दाबली.

माझ्या यादीची पहिली ओळ: पक्षी (कुठलाही) – जीव. मीच लिहिलेली. माझ्याच अक्षरात.

१६ तारीख, रविवार

देवासमोर बसले. काही सांगता येईना. त्याला तर माहीतच आहे. जिला सांगायचंय ती पलीकडच्या खोलीत वह्या तपासत होती. दारापर्यंत दोनदा गेले. दुसऱ्यांदा तिनं विचारलं, "काही हवंय का, आई?" मी म्हटलं, "सुई कुठे ठेवली ते बघत होते."

सुई माझ्याच डब्यात होती. खोटं बोलायलाही मला धड जमत नाही, आणि खरं तर त्याहून नाही.

१७ तारीख, सोमवार

सांगितलं.

ती शाळेतून आली आणि मी तिला चपला काढायचाही अवधी दिला नाही. उशीर केला असता तर पुन्हा सुई शोधत बसले असते. म्हटलं, "तो पक्षी मी रंगवला. रंग वाया जाईल म्हणून. आणि माझ्या भाषणात बारा हवे होते म्हणून."

ती म्हणाली, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. बशी बघितली ना. या घरात बशी अशी कोण घासतं? खालचा कारखान्याचा शिक्कासुद्धा चमकत होता." तिला हसू आलं, पण ते चेहऱ्यावर फार टिकलं नाही. "मी वाट बघत होते, आई. तुम्ही केव्हा सांगता ते."

"सहा दिवस?"

"सहा दिवस."

मी खाली बघत होते. तिच्या चपलेचा पट्टा शिवायला झालाय, हे त्यातही दिसलं. अशा वेळीसुद्धा माझी नजर तिथेच जाते.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "तेव्हाही तुम्ही ते कपडे दुसऱ्या दिवशी देऊन टाकलेत. मी दवाखान्यातून आले तर कपाट मोकळं. ते टोपडं मी विणलं होतं. मला विचारलं नाहीत. आताही विचारलं नाहीत. तुम्हाला कुठे रिकामं दिसलं, की ते तुम्हाला सहन होत नाही."

माझं चांगलंच मन होतं, असं म्हणावंसं वाटलं, पण ते मन तिच्या काय कामाचं?

मी उठून ट्रंक उघडली. चौथ्या सालची वही आणली आणि कोरी तीन पानं उघडून तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, "तुझ्या नवऱ्याच्या आधी एक मुलगी झाली होती मला. तीन दिवस होती. या तीन दिवसांचं मी काही लिहिलं नाही. पुढे एक ओळसुद्धा मी कधी वाया जाऊ दिली नाही, पण ही पानं फाडवत नाहीत."

तिनं पानावर हात ठेवला. विचारलं, "नाव काय होतं?"

"ठेवलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, नाव ठेवलं की विसरायला जड जातं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिची सगळी फडकी..." मी काय बोलतेय ते माझं मलाच ऐकू आलं.

तिनं मला जवळ वगैरे घेतलं नाही. मीही तिला घेतलं नाही. हे आले, दारातूनच परत गेले, आणि आत जाऊन त्यांनी स्वतः चहा केला. तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. साखर विसरले. आम्ही तसाच प्यायलो.

१८ तारीख, मंगळवार

सकाळी सूनबाई म्हणाली, "आई, तुमचं रफू किती बारीक येतं?"

मी म्हटलं, "धागा तोच असेल तर दिसत नाही."

तिनं चौकट उलटी केली. मागे दुमडून ठोकलेल्या कापडाची दोन बोटं रुंद कड होती, कोरीच. त्यातला एक तुकडा तिनं कापून घेतला. त्याचाच धागा उसवून दिला. मग पातं माझ्यासमोर धरलं. "तुम्ही कापा."

"मी?"

"रंगवलात तुम्ही. काढा तुम्हीच."

मालकिणीनं मोलकरणीला सांगावं तशा आवाजात तिनं सांगितलं, आणि मला ते बरोबर वाटलं. शाळेला तिनं आज रजा घेतली होती. जवळच बसून होती, पण मदतीचं बोट लावलं नाही.

ह्यांनी न विचारता आपलं डोळ्याला लावायचं भिंग आणून दिलं. वापरायचं कसं, ते दाखवलं. "श्वास रोखायचा नाही. सोडताना कापायचं." आयुष्यभर ते घड्याळाच्या एवढ्याशा चाकांशी असं बसत, आणि मी आतून ओरडत असे, जेवण निवतंय. भिंगातून पाहिल्यावर कळलं, त्यांना का ऐकू येत नसे.

पक्षी निघाला. मागून खिडकीचा उजेड त्या आकारातून आत आला. तिनं तोंड फिरवलं. मी लगेच तुकडा मागून लावला आणि शिवायला घेतला. पंखाच्या टोकाशी तीनदा उसवलं. दुपारचे चार वाजले. टाके मुंगीच्या पावलाएवढे, तरी उजेडात बघितलं की कडेनं दिसतात. मी म्हटलं, "आणखी एकदा उसवते. दिसतंय."

"दिसू दे," ती म्हणाली.

"लोक म्हणतील, ठिगळ लावलंय."

"लावलंच आहे ना, आई."

कापलेला तपकिरी पक्षी माझ्या मांडीवर पडला होता. ती म्हणाली नाही टाका, की म्हणाली नाही ठेवा. मी काहीच टाकून देत नाही, हे तिला ठाऊक आहे. तो या वहीत ठेवलाय, याच पानात. त्याच्या रंगाचा थोडा वास येतो.

१९ तारीख, बुधवार

भाषण. बावीस बायका होत्या. पाकिटं पिशवीतून काढलीच नाहीत.

मी म्हटलं, "मी यादी केली होती. पक्षी आणि त्यांचे अर्थ. ती वाचणार नाही. एका चित्रात एक पक्षी मुद्दाम कोरा ठेवलेला होता. मला वाटलं, राहून गेलाय. मी तो रंगवला. तो कुणाचा होता, ते सांगायचा मला हक्क नाही. एवढंच सांगते, की विचारायला हवं होतं, आणि विचारण्याइतकीही मी थांबले नाही." आणि बसले. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील.

मग बाईंनी विचारलं, "मग पक्षी म्हणजे काय, ते?"

मी बसूनच म्हटलं, "ज्यानं काढला त्याला माहीत, बाई."

टाळ्या वाजल्या. शिंपीणबाईनं तर डोळे पुसले. मला जमीन दुभंगावी असं झालं. चूक कबूल केली म्हणून टाळ्या घ्यायच्या, हे तर चोरी परत करून बक्षीस घेण्यासारखं. घरी मी फक्त "झालं" म्हटलं.

ह्यांनी विचारलं, "वीस मिनिटं?"

"दोन."

ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि थट्टा केली नाही.

२४ तारीख, सोमवार

चित्र दवाखान्यात गेलं. सूनबाईनं १५ तारखेला नकार कळवायचं ठरवलं होतं, पण कळवलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. सांगायचं असेल तेव्हा सांगेल.

मुलगा आणि ती चित्र धरून पुढे, मी मागे. मला बोलावलं नव्हतं. निघताना ती म्हणाली, "तुम्ही येताय ना?" पायांत घालताना पाहिलं, चपलेचा पट्टा तिनं चांभाराकडून शिवून घेतला होता. तो शिवायचं मी मनात धरलं होतं, पण बरंच झालं.

बाहेरच्या खोलीत बाकांवर सहा-सात बायका होत्या. कुणी पोटावर हात ठेवून, कुणी नुसतीच. भिंतीवर खिळे आधीच ठोकलेले. चित्र वर गेल्यावर ती दोघं कागदावर सही करायला आत गेली, आणि मी एकटी खाली उभी राहिले. इतक्या लांबून टाके दिसत नाहीत. शेवटचा पक्षी मात्र दिसतो. बाकीचे बघून झाले, की नजर तिथेच येऊन थांबते.

फरशी पुसणारी बाई बादली घेऊन आली. कमरेवर हात ठेवून तिनं चित्र बघितलं. "छान हाय की. पण शेवटचा एक राहिला बघा, मावशी. पेंटरचा रंग संपला काय?"

मी म्हटलं, "संपला नव्हता. भरपूर होता."

"मग?"

बाकावरची एक बाई वर बघत होती. तिचं पोट दिसत नव्हतं, हातात फाइल होती, आणि शेजारी कुणीच नव्हतं. ती बाकीचे अकरा बघत नव्हती.

मी फरशी पुसणाऱ्या बाईला म्हटलं, "तो तसाच आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं, परत चित्राकडे पाहिलं, आणि फडकं पिळून पुढे गेली. बाकावरच्या बाईनं मान हलवली नाही. मला तिच्याशेजारी बसावंसं वाटलं, काहीतरी बोलावंसं वाटलं. तोंडाशी शब्द आलेसुद्धा होते, पुन्हा होईल, देव आहे, असले. मागच्या वर्षी मी हेच बोलले होते. गिळले. बसले मात्र, थोडं अंतर ठेवून.

सूनबाई सही करून बाहेर आली तेव्हा आम्ही दोघी तशाच वर बघत बसलो होतो. तिनं मला उठा म्हटलं नाही. तीही बसली.

घरी येऊन हे लिहिलं. खाली अजून अर्धं पान शिल्लक आहे. त्यात उद्याच्या सामानाची यादी सहज मावली असती. ती दुसऱ्या पानावर करीन.